तलंग की कोंबडा?

महाराष्ट्र शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत पक्षी दोन प्रकारे दिले जातात. एका गटात ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असतात. दुसऱ्या गटात १०० एकदिवसीय पिल्लं असतात आणि त्यांच्यामागे कागदावर एक छोटासा शब्द लावलेला असतो: मिश्र. अर्ज भरताना त्या शब्दाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्याचा अर्थ कळतो तीन-चार महिन्यांनी, पहाटे. खुराड्यातून एक घोगरी, अर्धवट बांग येते, मग दुसरी, मग पाचवी. आणि अंड्यांचा हिशेब मांडून बसलेल्या घराला उमगतं की सांभाळलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे आहेत.

एक दिवस आणि आठ आठवडे. परसातल्या कोंबडीपालनाचा एक जुना, चिवट प्रश्न या दोन वयांच्या मधे बसलेला आहे: हातातलं पिल्लू नर की मादी, हे कधी आणि कसं ओळखायचं? मराठी भाषेनं स्वतःपुरतं उत्तर देऊन ठेवलंय. पिल्लू नपुंसकलिंगी, ते पिल्लू. पुढे ती तलंग होते किंवा तो कोंबडा होतो. ओळख पटेपर्यंत भाषा थांबते. माणसाला मात्र थांबवत नाही, कारण खाद्य रोज लागतं आणि ते विकत घ्यावं लागतं.

निम्मे नर, निम्म्या माद्या हे प्रमाण हजारांच्या हिशेबात खरं ठरतं. घरच्या रवणीत ते खूप हेलकावतं. एका खुडूक कोंबडीखाली बारा पिल्लं निघाली, तर त्यातले आठ किंवा जास्त नर असण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे. म्हणजे गावातल्या पाच घरांपैकी एकाच्या पदरी यंदा ‘सगळे कोंबडेच निघाले’ हे येणार, आणि त्यात कोंबडीचा, अंड्यांचा किंवा मुहूर्ताचा काही दोष नसणार.

अंड्यावरूनच ओळखण्याचा ध्यास तर दोन हजार वर्षांहून जुना आहे. ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोल अंड्यातून नर. पुढे रोमन शेतीलेखक कोलुमेलानं नेमकं उलटं सांगितलं: नर हवे असतील तर लांबट, टोकदार अंडी बसवा, माद्या हव्या असतील तर गोल. दोघेही निरीक्षणासाठी नावाजलेले, दोघांनीही कोंबड्या पाहिलेल्या. आजही टोकदार अंडं म्हणजे कोंबडा असं ठामपणे सांगणारी माणसं भेटतात. वस्तुस्थिती अशी की अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो. आत कोण आहे याचा कवचाच्या घडणीशी संबंध नसतो, आणि एकच कोंबडी बहुधा एकाच घाटाची अंडी देत राहते. तिच्या पोटी मात्र नर आणि मादी दोन्ही येतात.

दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरायची, ती गोल फिरली की एक आणि सरळ झुलली की दुसरं, हीसुद्धा अशीच एक चाचणी. पिल्लू मानेला धरून उचललं आणि त्यानं पाय पोटाशी घेतले तर मादी, लोंबते सोडले तर नर, ही आणखी एक. या समजुती टिकतात कशा, याचं उत्तर साध्या गणितात आहे. डोळे मिटून सांगणाराही निम्म्या वेळा बरोबर येतो. दहा पिल्लांचा नुसता अंदाज बांधला, तरी साधारण सहा माणसांपैकी एकाची सात किंवा जास्त पिल्लं बरोबर निघतात. मग ते घर ती पद्धत पुढची वीस वर्षं सांगत राहतं. उरलेली पाच घरं काहीच बोलत नाहीत.

नर-मादीचा निर्णय होतो कुठे? माणसात तो पित्याकडून होतो, कोंबड्यांत मातेकडून. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. तिनं पिल्लाला झेड दिलं तर नर, डब्ल्यू दिलं तर मादी. अंडं घालण्याआधीच हे ठरून गेलेलं असतं. रवणीची ऊब कमी-जास्त करून त्यात बदल होत नाही. रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यात वाळू जास्त तापली की माद्या वाढतात, हे खरं आहे. पण तो नियम कासवांचा. कोंबडीच्या अंड्याला जादा उष्णता मिळाली तर पिल्लं मरतात, त्यांचं लिंग बदलत नाही.

मातेकडून होणाऱ्या या वाटणीतच पहिली खात्रीची युक्ती दडलेली होती. ती हेरली केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी. बारावीच्या जीवशास्त्रात अनुवंशिकतेचे चौकोन मांडताना ज्यांचं नाव येतं, तेच हे पनेट. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती आणि अंडी न देणाऱ्या नरांना महिनोन्‌महिने खाऊ घालणं परवडत नव्हतं. पिसांच्या रंगाचे काही गुण झेड गुणसूत्रावर बसलेले असतात, हे तोवर कळलं होतं. पनेट यांनी सुचवलं की जोडी विचारपूर्वक लावली तर पिल्लू अंड्यातून बाहेर येतानाच आपला रंग दाखवून ओळख देईल.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे लाल ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि राखाडी पट्ट्यांची बार्ड प्लायमाउथ रॉक कोंबडी. पट्ट्यांचा गुण आईच्या एकुलत्या झेडवर असतो आणि ते झेड फक्त मुलाला मिळतं. त्यामुळे काळ्या पिल्लांतल्या नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, माद्यांची डोकी कोरी राहतात. लाल कोंबडा आणि पांढऱ्या, रुपेरी अंगाची लाइट ससेक्स कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या तांबूस आणि नर फिकट पिवळे निघतात. पुढे पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीझ यांनी कँबार आणि लेगबार या जाती घडवल्या. त्यांच्यात ही ओळख एका पिढीपुरती न राहता दर पिढीत उतरते. लेगबारच्या मादी पिल्लाच्या पाठीवर खारीसारखे गडद, रेखीव पट्टे असतात, तर नराचे पट्टे पुसट आणि डोक्यावर फिकट डाग.

इथे दोन अटी आहेत आणि फसगत नेमकी त्यांच्यातच होते. जोडी उलटी लावली, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी, तर सगळीच पिल्लं पट्टेरी निघतात आणि ओळख हरवते. दुसरं, अशा संकरातून आलेल्या पिल्लांची पुढची पिढी घेतली की रंग पुन्हा मिसळतात. आपल्याकडच्या गावठी कोंबड्या तर पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या अंगणात जुळलेल्या. काळं पिल्लू कोंबडा आणि तांबडं पिल्लू तलंग, असा त्यांच्याबाबत कुणी नियम सांगितला तर तो सोडून द्यावा.

दुसरी युक्ती पंखांची. मोबाइलवर तिचे व्हिडिओ इतके फिरतात की तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. एक दिवसाचं पिल्लू तळहातावर घेऊन अंगठ्यानं अलगद पंख उलगडला की काठाशी पिसांच्या इवल्या काड्यांच्या दोन रांगा दिसतात. एक रांग मुख्य पिसांची, दुसरी त्यांना झाकणाऱ्या वरच्या पिसांची. एखाद्या पिल्लात मुख्य पिसं स्पष्ट लांब असतात, कंगव्याला एक लांब आणि एक आखूड दात असावा तशी. दुसऱ्यात दोन्ही रांगा सारख्या, किंवा वरचीच लांब. हॅचरीत पहिलं पिल्लू मादीच्या खोक्यात जातं, दुसरं नराच्या.

हे तिथे जमतं, कारण त्या पिल्लांचे आई-बाप त्यासाठीच निवडलेले असतात. पिसं सावकाश येण्याचा गुणही झेडवर असतो. सावकाश पिसांची आई आणि झपाट्यानं पिसं येणारा बाप अशी जोडी असेल, तर मुलगे आईवर जातात आणि मुली बापावर. ही जोडी नसेल तर लांब-आखूड पिसं दोन्ही लिंगांत मिळतील आणि पंख पाहण्याला काहीच अर्थ उरणार नाही. शिवाय जिथे जमतं तिथेही दोन-तीन दिवसांतच पिसं वाढून फरक बुजतो. बाजारातून आणलेल्या आठवड्याच्या गावरान पिल्लाचा पंख ताणून पाहणं म्हणजे त्या जिवाला विनाकारण त्रास.

तिसरी पद्धत खरी कसबाची, आणि ती जपानची. कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो या संशोधकांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की एक दिवसाच्या नर पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या कडेवर टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक उंचवटा असतो. १९२७ साली कॅनडात ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही माहिती जगासमोर आली आणि १९३३ मध्ये व्हँकुव्हरहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यानंतर जपानी तज्ज्ञ उत्तर अमेरिकेतल्या हॅचऱ्यांत हंगामाला जाऊ लागले. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या अनेक तरुणांना या कामानं पोटापाण्याला लावलं. पेनसिल्व्हेनियातल्या लान्सडेल गावात त्याची शाळाच निघाली.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. प्रखर दिव्याखाली माणूस बसलेला. डाव्या हातात पिल्लू, पोटावर हलका दाब, आतली विष्ठा खालच्या भांड्यात. दोन्ही हातांच्या बोटांनी गुदद्वार क्षणभर उलगडतं, नजर पडते आणि पिल्लू उजवीकडच्या किंवा डावीकडच्या खोक्यात जातं. एवढं सगळं तीन-चार सेकंदांत. निष्णात माणूस तासाला हजारच्या आसपास पिल्लं पाहतो आणि शंभरात पंचाण्णवाहून जास्त बरोबर सांगतो. अडचण अशी की काही माद्यांनाही तसाच उंचवटा असतो आणि काही नरांचा चपटा असतो. तो गोल आहे की टोकदार, भरीव आहे की दबणारा, हे त्या सेकंदात ठरवावं लागतं. शिकायला महिने लागतात, हात बसायला वर्षं. २०२० च्या ‘मिनारी’ या चित्रपटातलं कोरियन जोडपं अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये हेच काम करताना दिसतं.

हे कसब शब्दांत पकडता येत नाही असं बरीच वर्षं मानलं जाई. १९८७ मध्ये अमेरिकेत अर्व्हिंग बीडरमन आणि मार्गारेट शिफ्रार यांनी ते पडताळून पाहिलं. अवघड नमुन्यांची १८ छायाचित्रं त्यांनी नवख्यांपुढे ठेवली. त्यांची उत्तरं जेमतेम साठ टक्के बरोबर आली. मग त्यांना एका पानाची सूचना दिली: उंचवटा कुठे पाहायचा आणि त्याचा कोणता आकार कशाची खूण. पुढच्या फेरीत तेच लोक ८४ टक्क्यांवर गेले. नेमकं कुठे पाहायचं हे कुणीतरी सांगणं किती मोलाचं असतं, त्याचा हा सुंदर पुरावा. पण ती छायाचित्रं होती. जिवंत पिल्लावर हा प्रयोग घरी करू नये. जोर थोडा चुकला तरी पिल्लाच्या आतड्याला इजा होते आणि ते दगावतं. शिवाय पहिला दिवस उलटला की ही तपासणी अवघड होत जाते.

मग परसातल्या माणसानं काय करायचं? वाट पाहायची, पण डोळे उघडे ठेवून.

पहिला नियम असा की एकटं पिल्लू कधी पारखू नये. एकाच दिवशी निघालेली, एकाच वाणाची भावंडं शेजारी शेजारी उभी करावीत. तीन-चार आठवड्यांपासून तुऱ्यात फरक पडू लागतो. पाच-सहा आठवड्यांना नराचा तुरा बुडाशी जाड होतो आणि गुलाबीकडून लालीकडे झुकतो. चोचीखालचे कल्लेही दिसू लागतात. तलंगेचा तुरा तेव्हा बारीक आणि पिवळट-फिकट असतो. याच सुमाराला पाठ पाहावी. माद्यांची पिसं बहुधा लवकर भरतात, शेपटीचा छोटा नीट पंखा होतो. नराची शेपटी आखूड आणि विस्कटलेली, पाठ कधी कधी उघडी. नराच्या पायाची नळी जाड असते आणि उभं राहणं ताठ. वनराजा, गिरिराजासारख्या जड वाणांत तलंगेचेही पाय दणकट असतात, म्हणून तिथे पायावर विसंबू नये.

सगळ्यात भरवशाची खूण दहा ते बारा आठवड्यांनी येते आणि ती फार थोडे लोक पाहतात. शेपटीच्या अलीकडे, कंबरेवर जी नवी पिसं उगवतात, त्यातलं एक बोटांत धरून उजेडात पाहावं. नराचं पीस अरुंद, टोकाला निमुळतं, झळाळतं आणि कडेला सुटं सुटं. मादीचं रुंद आणि टोकाला गोलसर. मानेच्या पिसांतही हाच फरक. कारण शरीरातलं आहे: मादीच्या अंडाशयातला स्राव पिसाला गोल करतो आणि तो नसला की पीस टोकदारच येतं. तुरा आजारपणात फिका पडतो, चालण्याची ऐट मोठ्या कोंबड्यासमोर मावळते, पण हे टोकदार पीस खोटं बोलत नाही.

बांगेवर मात्र फार विसंबू नये. काही नर आठव्या-नवव्या आठवड्यातच घसा साफ करू लागतात, काही चार-पाच महिने गप्प असतात. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की कळपातला सर्वांत वरचढ कोंबडा पहाटे आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीनं त्याच्या मागून. दबलेला नर गप्प दिसला म्हणून तो तलंग ठरत नाही.

वाणाप्रमाणे या खुणा फिरतात. कडकनाथचा तुरा आणि कल्ले मुळातच काळपट-जांभळे, त्यामुळे लाली शोधणारा तिथे हरतो. तुऱ्याचा रंग सोडून त्याचा आकार आणि कंबरेची पिसं पाहावी लागतात. असील कोंबड्याचा तुरा वाटाण्यासारख्या बारीक ओळींचा, दोन्ही लिंगांत लहान. त्यांच्यात अंगलट आणि पिसं यांवरच भर द्यावा लागतो.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू, जिच्याकडे पाहताना मन दुखतं. ओळखण्याची ही सगळी विद्या मोठ्या उद्योगात वाढली ती नराला बाजूला काढण्यासाठी. अंड्यांसाठी घडवलेल्या लेअर जातीच्या नराला मांस धरत नाही आणि तो अंडी देत नाही. जगभरात दरवर्षी सुमारे सातशे कोटी नर पिल्लं जन्माच्या दिवशीच मारली जातात, असा अंदाज आहे. आपल्याकडच्या आठवडी बाजारात, शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं दिसतात, तीही बहुतांश लेअर हॅचरीतून काढलेली नर पिल्लंच. त्या वयाला पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. ती ना टोपलीत मिळते, ना हौसेनं घेणाऱ्या मुलाच्या खोक्यात. बरीचशी चार-आठ दिवसांत मरतात, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून अशी पिल्लं मारण्यावर बंदी घातली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे साडेचार कोटी नर पिल्लं मारली जात. त्या कायद्यानं शोधाला धार आली. एका तंत्रात लेझरनं कवचाला केसाएवढं छिद्र पाडून आतल्या द्रवाचा थेंब घेतात आणि नवव्या दिवशी मादीचं संप्रेरक तपासतात. दुसऱ्यात प्रखर प्रकाश आरपार सोडून तेराव्या दिवशी भ्रूणाच्या पिसांचा रंग वाचतात. हे फक्त तपकिरी लेअर जातींना लागू पडतं, कारण पनेट यांची जुनी रंगाची युक्तीच तिथे कवचाआड वापरलेली आहे. तिसऱ्यात दवाखान्यातल्यासारखं एमआरआय यंत्र. ओळख जन्माच्या दिवसावरून कवचाच्या आत सरकली, ही या विषयातली सर्वांत मोठी आणि स्वागतार्ह घडामोड आहे.

महाराष्ट्रातल्या परसात मात्र गणित वेगळं आहे, आणि ते नराच्या बाजूचं आहे. गावठी कोंबड्याला भाव आहे. आखाडात, गावच्या जत्रेला, मालवणात कोंबडी-वड्यांच्या बेताला त्याची मागणी असते. श्रावणात ती उतरते. आठव्या-दहाव्या आठवड्याला नर ओळखता आले, तर कोणते वाढवायचे, कधी विकायचे आणि खुराड्यात किती ठेवायचे हे आधीच ठरवता येतं. शासनाच्या २५ तलंगांना ३ नर या गटातलं प्रमाणही तेच सांगतं: आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. जास्त ठेवले तर ते एकमेकांशी भांडतात आणि तलंगांच्या पाठीची पिसं उपटतात. कमी ठेवले तर अंडी फळत नाहीत. जो ठेवायचा तो शक्यतो दुसऱ्या घरच्या रवणीतला असावा, म्हणजे बहीण-भावाची जोडी टळते.

म्हणून एकदिवसीय पिल्लं घेणाऱ्यानं विक्रेत्याला आधी एकच गोष्ट विचारावी: ही मिश्र आहेत की निवडलेली? निवडलेली असतील तर कोणत्या पद्धतीनं? मिश्र असतील तर शंभरातली पन्नासच अंड्यांची धरावीत आणि खाद्याचा हिशेब त्याप्रमाणे करावा. अंडीच हवी असतील आणि हातात पैसे मोजके असतील, तर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा महाग वाटल्या तरी त्याच घ्याव्यात. घरची रवण असेल तर तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा, वहीत रंगापुढे आपला अंदाज लिहावा, पाय जाडावेल तसा दोरा बदलत राहावा आणि बाराव्या आठवड्यात कंबरेचं पीस पाहून तो अंदाज पडताळावा. दोन रवणींनंतर डोळा तयार होतो.